श्वास सोडा, भाकरी थापा

अकोळच्या मावशीच्या घरी सकाळचे सहा वाजले हे घड्याळ सांगत नाही. घड्याळ आहे, सोप्यातल्या भिंतीवर, पण ते गेली चार वर्षं सव्वादहाला थांबलंय. सहा वाजल्याचं टीव्ही सांगतो. काका चूळ भरून येतात, रिमोटच्या पाठीत दोन चापट्या मारतात, पडदा उजळतो आणि भगव्या कपड्यातला एक दाढीवाला हिंदीत म्हणतो, दीर्घ श्वास घ्या. आत मावशी काटवटीत शाळूचं पीठ ओढते.

टीव्हीवरच्या गुरूंवर लिहायचं म्हणून गेल्या माघात मी आठवडाभर तिच्याकडे मुक्काम टाकला होता. बेळगावात घरी बसून हे गुरू बघितले असते तर पोटभर हसलो असतो आणि लेख दोन दिवसांत हातावेगळा झाला असता. पण गुरू कसा बोलतो यापेक्षा, ज्या घरात तो रोज बोलतो तिथं त्याच्या बोलण्याचं पुढं काय होतं, ते बघावंसं वाटलं. निपाणीपासून हाकेच्या अंतरावरचं हे गाव. घरात दोन म्हशी, चूल, टीव्ही आणि चोवीस तास न थकणारी मावशी. यापेक्षा चांगली प्रयोगशाळा मला कुठं मिळणार?

पहिल्या दिवशी मी काकांशेजारी सोप्यात बसलो. दुसऱ्या दिवशी कळलं की खरा कार्यक्रम आत चालतो. मावशीला टीव्ही दिसत नाही, मध्ये भिंत आहे. ती नुसती ऐकते. ‘श्वास घ्या’ म्हटलं की गोळा हाताखाली घेते आणि काटवट फिरवत थापायला लागते. ‘रोखून धरा’ला भाकरी तळहातावर तोलून तव्यावर टाकते. ‘हळूहळू सोडा’ला ओली बोटं भाकरीवरून फिरवते. ते पाणी सुकेपर्यंत गुरू ‘पुन्हा एकदा’ म्हणतो, तोवर पुढचा गोळा मळून तयार. मग भाकरी उलटायची आणि चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांना टेकवून उभी करायची. टम्म फुगली की टोपलीत. कपालभाती सुरू होते तेव्हा तिची सातवी भाकरी झालेली असते. त्या फटाफट श्वासांचा वेग भाकरीला मानवत नाही, म्हणून तेवढा वेळ ती खर्डा कुटते.

‘‘रोजच्या अकरा भाकरी,’’ ती म्हणाली. ‘‘बाबाचं सपलं आन् अकरावी तव्यावर असली की समजायचं, आपण टायमात हाय.’’

‘‘आणि तू स्वतः कधी करत नाहीस का प्राणायाम?’’

‘‘त्यो सोडा म्हणतोय तवा मी फुंकणी मारतो की. येगळं काय करायचं असतंय?’’

आमच्या भागात बायकाही ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. टीव्हीवरच्या गुरूंना ते कुणी सांगितलेलं नाही. पुण्या-मुंबईचा गुरू पडद्यावरून बोट रोखून ‘भगिनींनो, माझ्यामागून म्हणा, मी करू शकते!’ असं म्हणाला की मावशी आतून म्हणते, ‘‘शकतो.’’ त्यात आत्मविश्वास जरा जास्तच वाटतो.

माघात या मुलखात खोल श्वास घेणं हे तसं धाडसाचं काम आहे. रानात कापून वाळवलेला तंबाखू याच सुमाराला घरी, खळ्यात आणि वखारीत येऊन पडतो. वारा फिरला की त्याचा खकाणा घरभर. तिसऱ्या दिवशी सकाळी गुरूनं ‘फुफ्फुसं पूर्ण भरा’ म्हणून सांगितलं, मी आज्ञाधारकपणे भरली, आणि सलग अकरा शिंका दिल्या. काका रिमोट हातात धरून शांतपणे मोजत होते. ‘‘हितं कपालभाती शिकवायला माणूस लागत न्हाई,’’ ते म्हणाले, ‘‘वखारीच्या दारात हुबं ऱ्हायलं की झालं.’’ मावशीनं निपाणीच्या वखारीत चौदा वर्षं तंबाखू चाळलाय, तोंडाला पदर बांधून. तिच्या श्वासाबद्दल तिला कुणी काही शिकवावं असं मला तरी वाटत नाही.

स्वतःला बदला, जग आपोआप बदलेल, हे प्रत्येक गुरूचं पेटंट वाक्य. निपाणीत ते जरा कानाला खटकतं. याच तंबाखूच्या दरासाठी १९८१च्या मार्चमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी हमरस्त्यावर ठाण मांडून बसले होते. तीन आठवडे पुणे-बेंगळुरू रस्ता अडला. ६ एप्रिलला गोळीबार झाला, माणसं गेली. काका तेव्हा विशीत होते आणि रस्त्यावर भाकरी पोचवायला होते. ‘‘तवा कुणी म्हणालं न्हाई बगा, की आधी मनातला राग काढून टाका,’’ इतकंच ते बोलले आणि आवाज वाढवला, कारण राशी सुरू झाल्या होत्या.

पावणेसातच्या या राशींसाठी मात्र मावशी बाहेर येते. उंबऱ्यात बसते, हातात शेंगांची पाटी. आधी मराठी वाहिनी, तिची रास झाली की लगेच कन्नड. दोन्हीकडचा मजकूर तिला सारखाच कळतो. बाजाराचं कन्नड तिला निपाणीच्या आठवडी बाजारानं शिकवलं आणि ग्रहांचं कन्नड टीव्हीनं. एक काळ होता, झी मराठीवर ‘वेध भविष्याचा’मध्ये अतुलशास्त्री भगरे मऊ आवाजात दिवस सांगायचे आणि झी कन्नडवर ‘बृहत् ब्रह्मांड’मध्ये नरेंद्र बाबू शर्मा अख्ख्या कर्नाटकाला खडसावायचे. समूह एक, ग्रह तेच, बोलण्याची तऱ्हा निराळी. आमच्याकडं दोन्ही दिसायचं, म्हणजे एका ग्रहाच्या बदल्यात दोन.

तसं बघायला गेलं तर या बाबतीत दोन राज्यांत भांडणाला जागाच नाही. शालिवाहन शक इकडं-तिकडं तोच, अमावस्येला संपणारे महिने तेच, आपला पाडवा आणि त्यांची युगादी एकाच दिवशी. फरक म्हणाल तर कर्क रास कन्नडमध्ये ‘कटक’ होते. मावशीची रास नेमकी तीच. चौथ्या दिवशी मराठी गुरू म्हणाला, कर्क राशीला आज धनलाभ. काकांनी चॅनल बदललं. कन्नड गुरू म्हणाला, कटक राशीला खर्चाचा दिवस, हात आखडता घ्या. मी मावशीकडं बघितलं. म्हटलं, आता सापडली.

तिनं शेंग फोडली, दाणा तोंडात टाकला. ‘‘बरोबर हाय की. पोरगं इचलकरंजीतनं पैसे पाठवतंय, खर्च निपाणीत हुतोय. दोगंबी खरं सांगाय लागल्यात.’’

सीमावादावरच्या १९६७च्या अहवालात महाजन आयोगानं निपाणी महाराष्ट्राला आणि बेळगाव म्हैसूर राज्याला असं सुचवलं होतं. ते महाराष्ट्राला पटलं नाही आणि अमलातही आलं नाही. मावशीसारखं कुणी त्या आयोगावर असतं तर दोन्ही बाजू बरोबर आहेत एवढं तरी लिहून ठेवलं असतं.

सातनंतर, मावशी डेअरीत दूध घालून परतली की, येतो तो कोटवाला. हा धर्माचं नाव काढत नाही. तो ‘लाइफ कोच’. स्टेजवर इकडून तिकडं चालतो, कानाला माइक, मागं पेटती-विझती अक्षरं. हा पंथ तसा जुना आहे. १८५९ साली सॅम्युअल स्माइल्स या स्कॉटिश गृहस्थानं ‘सेल्फ-हेल्प’ नावाचं पुस्तक काढलं, तिथून या धंद्याला नाव मिळालं. स्माइल्सच्या पुस्तकात माणसं कष्ट करून वर येतात. आमच्या कोटवाल्याच्या हिशेबात ती कम्फर्ट झोनमधून बाहेर आली की वर येतात.

‘‘कम्फर्ट म्हंजे धुण्याला वास येतोय ते न्हवं?’’ मावशीनं विचारलं.

मी समजावून सांगितलं की कम्फर्ट झोन म्हणजे माणूस जिथं सुखात लोळत पडलेला असतो ती जागा. तिनं घरात एकवार नजर फिरवली आणि असली जागा आपल्यात नाही असा निर्वाळा दिला. मग कोटवाला म्हणाला, यशस्वी व्हायचं असेल तर पहाटे पाचला उठा. गोठ्यातून म्हैस ओरडली. ती चारला उठते. त्या हिशेबानं घरातला सर्वांत यशस्वी प्राणी तीच. रोज रात्री पाच गोष्टी वहीत लिहा, ज्यांच्याबद्दल तुम्ही कृतज्ञ आहात, असंही तो म्हणाला. मावशीकडं वही आहे. डेअरीची. तारीख, लिटर, फॅट, रक्कम, सकाळ-संध्याकाळ दोन वेळा. फॅट सातच्या वर लागलं त्या दिवसापुढं तिनं पेनानं फुली मारलीय. ती फुली म्हणजे कृतज्ञताच, फक्त कोचला वाचता येणार नाही.

आणि या सगळ्याच्या अधेमधे, एका स्थानिक केबल वाहिनीवर, सहा पन्नासला एक घंटा वाजते. घण्‌ घण्‌ घण्‌, तीन वेळा. मग शंख, मग बेळगावचे एक गुरुजी ‘नमस्कार, मनःशांतीच्या या प्रवासात’ अशी सुरुवात करतात. राशी बघता बघता काका बरोबर त्या वेळेला तिथं जातात, घंटा ऐकतात आणि परत येतात. मला उलगडा होईना. पाचव्या दिवशी झाला. घंटा वाजली की मावशी किटली उचलते. डेअरीत सातच्या आत पोचलं तर पहिल्या दहात नंबर लागतो, नाहीतर रांग. गुरुजींचा पुढचा एक शब्दही या घरात आजवर कुणी ऐकलेला नव्हता.

‘‘पर आलीकडं त्येचा काय भरवसा ऱ्हायला न्हाई,’’ मावशी म्हणाली. ‘‘कदी सातला वाजवतोय, कदी सात दहाला. परवा दूध नासायला आलतं.’’

हे गुरुजी माझ्या ऐकण्यातले होते. त्यांच्या कॅमेरामनशी माझी जुनी ओळख. पुढच्या बुधवारी रेकॉर्डिंग आहे, बघायला जाणार आहे, असं मी बोलून गेलो.

‘‘बुधवारी? किती वाजता?’’ तिनं विचारलं, आणि पडद्याखालून सरकणारा नंबर कोळशानं भिंतीवर लिहून घेतला.

*

बेळगावच्या मध्यवस्तीतल्या एका गल्लीत तळमजल्याला मोबाइल दुरुस्ती, पहिल्या मजल्याला शिकवणी आणि दुसऱ्याला हा स्टुडिओ. स्टुडिओ म्हणजे दहा बाय चौदाची खोली. भिंतीला अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेले, आवाज घुमू नये म्हणून. मागं हिरवा पडदा. मधोमध लग्नाच्या स्टेजवर असते तसली सोनेरी खुर्ची, पाठीला मोर. ती डेकोरेटरकडून भाड्यानं आणलेली आणि तिला चार वाजता टिळकवाडीतल्या एका मंगल कार्यालयात नवरीसाठी पोचायचं होतं.

गुरुजी आले ते स्कूटरवरून, हेल्मेट घालून, पाठीला बॅग. बॅगेत चार कुर्ते. एका बैठकीत चार भाग उरकायचे, म्हणून चार रंग. अर्ध्या तासाची वेळ ते वाहिनीकडून महिन्याच्या दरानं विकत घेतात, पैसे गुरुजी देतात. बघणाऱ्याला वाटतं वाहिनीनं विद्वान बोलावलाय. हे काही बेळगावचं वैशिष्ट्य नव्हे. २०००च्या सुमारास ‘आस्था’, ‘संस्कार’ अशा वाहिन्या निघाल्या, रामदेवबाबांनी सकाळच्या वेळेला घराघरांतल्या सतरंज्या अंथरायला लावल्या, आणि मग सगळ्यांनाच कळलं की पहाटेची वेळ स्वस्त आणि म्हातारी माणसं जागी. निर्मलबाबा २०१२ मध्ये देशभर गाजले तेव्हा त्यांचे समागम डझनांनी वाहिन्यांवर चालत होते आणि ती सगळी पैसे भरून दाखवलेली जाहिरात होती. शेवटचा समोसा कधी खाल्लास, कुठल्या चटणीबरोबर, असं विचारून ते अडलेली कृपा मोकळी करायचे. आमचे गुरुजी त्या मानानं फारच साधे. कुंदासुद्धा ते कुणाला खायला सांगत नाहीत.

गुरुजी मूळचे विमा एजंट. माणूस गोड. चहा आला तर आधी कॅमेरामनला, मग मला, मग स्वतः. ‘‘तेव्हा मी लोकांना मेल्यावर काय मिळेल ते सांगायचो,’’ ते म्हणाले, ‘‘आता जिवंतपणी काय मिळेल ते सांगतो. हप्ता कुणी बुडवत नाही.’’ आणि स्वतःच हसले.

कपाळाला पावडर. कुर्त्याच्या आतून माइकची तार, ती पोटाला टेपनं चिकटवलेली. चष्म्यात ट्यूबलाइट दिसते म्हणून चष्मा काढायचा, चष्मा काढला की समोरचा कागद दिसत नाही, म्हणून कागदावर बोटभर अक्षरं. एका पानाला सहा शब्द. ‘चिंता – चिता – अनुस्वार – हसणे – पाणी पिणे – राधे’ असं काहीतरी. त्या सहा शब्दांवर माणूस बावीस मिनिटं बोलतो ही साधी गोष्ट नाही. मी लेखावर जगणारा माणूस, मला त्याचा हेवा वाटला.

तारखेचा उल्लेख चुकूनही करायचा नाही, कारण भाग कधी लागेल ते ठाऊक नसतं. ‘आजच्या या शुभदिनी’ एवढंच. पाऊस-ऊन काढायचं नाही. ‘सध्याच्या या धकाधकीच्या दिवसांत’ हे बाराही महिने चालतं. दर भागाला अभिवादन दोनदा चित्रित करायचं, एकदा शुभ सकाळ, एकदा शुभ संध्याकाळ, नंतर लागेल ते जोडायचं.

दुसऱ्या भागात प्रेक्षकांचे फोन. फोन पलीकडच्या खोलीतून येतात. खालच्या मोबाइलच्या दुकानातला पोरगा चहा द्यायला आला होता, तोच थांबला. ‘‘हॅलो गुरुजी, मी खानापूरहून बोलतोय.’’ पाच मिनिटांनी तोच, ‘‘हॅलो, मी हुक्केरीहून.’’ यात मला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते गुरुजींच्या कसबाचं. फोन लागल्यावर त्यांनी कपाळाला बारीक आठी घालून म्हटलं, ‘‘आधी तुमच्या टीव्हीचा आवाज कमी करा.’’ पलीकडच्या खोलीत टीव्हीच नाही. पण त्या एका वाक्यानं खानापूर खरं झालं, तिथलं घर खरं झालं आणि त्या घरातली अडचणही.

हुक्केरीच्या पोरानं अडचण सांगितली की धंद्यात मन लागत नाही. ही मात्र बहुधा त्याची स्वतःचीच होती, कारण गुरुजींचं उत्तर तो कान देऊन ऐकत होता. ‘घाई करू नका, आयुष्य म्हणजे शर्यत नव्हे,’ गुरुजी सांगायला लागले, तोच खालून डेकोरेटरच्या टेम्पोनं लांबलचक हॉर्न दिला. कॅमेरामननं खिडकीतून वाकून खास बेळगावी शिवी हासडली. मग आत येऊन म्हणाला, ‘‘गुरुजी, वाणीवर संयम ठेवा तिथनं परत.’’ पु. ल. देशपांडे इथं राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते आणि त्यांचे रावसाहेब याच गावचे, हे लक्षात घेतलं म्हणजे कळेल की शिवी इथं विरामचिन्हासारखी येते. अपशब्द टाळा म्हणून गुरुजींनी किती भाग केले तरी तेवढं साधणार नाही.

तिसऱ्या भागात मोठा घोटाळा झाला. कुठल्याशा सत्कारात मिळालेली शाल गुरुजींनी खांद्यावर घेतली. शाल हिरवी. मागचा पडदा हिरवा, आणि त्या जागी नंतर संगणकावर कैलास पर्वत येतो. वीस मिनिटांचं बोलणं झाल्यावर तपासून बघितलं तर गुरुजींचं मुंडकं आणि दोन तळहात तेवढे हिमालयापुढं तरंगत होते. खांदे, छाती, दंड सगळं कैलासात विलीन. गुरुजींनी बराच वेळ निरखून बघितलं. ‘‘वाईट नाही दिसत,’’ ते म्हणाले. पण पुन्हा करावं लागलं.

चौथा भाग कन्नडमध्ये. तोच कागद, तेच सहा शब्द. ‘‘हेळ्री, एनु समस्ये?’’ अशी सुरुवात करून गुरुजींनी अकरा मिनिटांत सगळं संपवलं. माझ्या मते दिवसातला सर्वांत चांगला भाग तोच. मराठीत त्यांना फिरवाफिरवीचे शब्द येतात, ऊर्जा आणि स्पंदनं आणि सकारात्मकतेच्या लहरी. कन्नड त्यांचं शाळेतलं आणि बाजारातलं, त्यात लहरी नाहीत. म्हणून ते नुसतं म्हणाले, झोप कमी असेल तर लवकर झोपा, कर्ज असेल तर आधी ते फेडा, बायकोशी बोला. उरलेल्या अकरा मिनिटांत प्रायोजकाची जाहिरात भरायची ठरली.

प्रायोजक व्यसनमुक्तीचं चूर्ण विकणारे. हे मला जेवणाच्या सुट्टीत कळलं, गुरुजींनी डबी काढून तळहातावर तंबाखू मळायला घेतला तेव्हा. अंगठ्यानं चुना लावून, दोन टाळ्या देऊन, चिमूट ओठाखाली. मी बघतोय हे बघून ते ओशाळले. ‘‘निपाणीचा आहे,’’ एवढंच म्हणाले, जणू त्यामुळं गुन्हा सौम्य होतो.

त्यांना धीर यावा म्हणून मी विवेकानंदांची गोष्ट सांगितली. १८९२च्या ऑक्टोबरात, शिकागोच्या आधी अकरा महिने, स्वामीजी कोल्हापूरहून बेळगावला आले आणि रिसालदार गल्लीत भाटे वकिलांच्या घरी उतरले, नंतर हरिपद मित्र या जंगलखात्यातल्या अधिकाऱ्याकडे. भाट्यांच्या मुलानं पुढं आठवणी लिहिल्या आहेत. जेवण झाल्यावर या संन्याशानं विडा मागितला तेव्हा घरच्यांना धक्का बसला, आणि मग खायचा तंबाखू मागितला तेव्हा तर काय बोलावं ते कुणाला सुचेना. पण माणूस असा, की अष्टाध्यायी घोकणाऱ्या शाळकरी पोराबरोबर बसून पाणिनीही म्हणायचा आणि हरिपद मित्रांना ‘पिकविक पेपर्स’ची पानंच्या पानं पाठ म्हणून दाखवायचा. विकत घेतलेली वेळ नव्हती, मागं कैलास नव्हता.

गुरुजी थुंकून आले. ‘‘हे एपिसोडला सांगू?’’

‘‘सांगा की.’’

त्यांनी विचार केला. ‘‘नको. चूर्णवाले पैसे परत मागतील.’’

त्यांनी एका गोष्टीला मात्र ठाम नकार दिलेला आहे. कवच-यंत्र विकायला. महाराष्ट्रात २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि २०२१च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं टीव्हीवर चमत्काराचे दावे करून यंत्रं विकण्याच्या जाहिराती त्या कायद्याखाली बेकायदा ठरवल्या. ते प्रकरण हनुमान चालिसा यंत्राचं होतं. कर्नाटकाचा कायदा २०१७चा, २०२०पासून लागू, आणि ज्योतिष-वास्तू त्याच्या बाहेर. आता टीव्हीच्या लहरींना कुठं कळतंय कोगनोळीला नाका आहे ते? करोनात २०२१ साली त्याच नाक्यावर चाचणीचा कागद नसलेल्या माणसांना परत फिरवत होते, सीमावाद पेटला की एसटी कागललाच थांबते, पण डिशच्या छत्रीला सीमेवरची दूधगंगा दिसत नाही. गुरुजींचा नकार कायद्याच्या भीतीपोटी नाही. ‘‘यंत्र विकलं की लोक गॅरंटी मागतात,’’ विम्यातला माणूस म्हणाला. ‘‘बोलण्याची गॅरंटी कोण मागतो?’’

साडेतीन वाजले. खुर्ची जायला अर्धा तास उरला होता आणि शाल काढून तिसरा भाग नव्यानं चालला होता. राग आला तर दहापर्यंत आकडे मोजा, इथपर्यंत आलं होतं. मेजावर पालथा ठेवलेला गुरुजींचा मोबाइल थरथरायला लागला.

कॅमेरामननं मान हलवली, नको. पण गुरुजींनी पडदा बघितला. अनोळखी नंबर. खरा फोन! चहावाला पोरगा दारात येऊन उभा राहिला. चार महिन्यांत कॅमेरा चालू असताना आलेला हा पहिलाच, असं मला नंतर कळलं. गुरुजींनी आवाज मोठा करून फोन मांडीवर ठेवला, कुर्ता नीट केला आणि सवयीनं म्हणाले, ‘‘नमस्कार. आधी तुमच्या टीव्हीचा आवाज कमी करा.’’

‘‘कमी कशाचा करू? लाइट गेल्या सकाळधरनं.’’

मी आवाज ओळखला आणि भिंतीकडच्या अंड्यांच्या पुठ्ठ्यांत तोंड घातलं.

‘‘बोला ताई, कुठून बोलताय? काय अडचण आहे?’’

‘‘अकोळासनं. अडचण मला कशाला येतीया? तुमची घंटा उशिरा वाजाय लागलीया.’’

गुरुजींनी माझ्याकडं बघितलं, मग कागदाकडं. सहा शब्दांत घंटा नव्हती. ‘‘ताई, घंटा हे अंतर्मनाचं...’’

‘‘सहा पन्नासला वाजवत हुता तसं वाजवा. डेरी सातला हाय. सातच्या म्होरं तुमी काय बी बोला, आमी न्हाई ऐकत.’’

‘‘ताई, तुमची रास कोणती?’’

‘‘रास कर्क हाय. दूध म्हशीचं हाय.’’

कॅमेरामननं डोळ्यानंच विचारलं, बंद करू? गुरुजींनी हात वर करून थांबवलं. फोन मांडीवर तसाच धरून त्यांनी मेजावरचं पेन घेतलं, चष्मा चढवला आणि बोटभर अक्षरांच्या त्या कागदावर, राधेच्या खाली, ‘६.५०’ असं लिहिलं. खाली टेम्पोनं पुन्हा हॉर्न दिला.

‘‘पाच मिन्टं आदी वाजवली तर?’’ त्यांनी विचारलं.

‘‘नगं,’’ मावशी म्हणाली. ‘‘तवा राशी असत्यात.’’